आधी प्लेट दाखव

भोसरी एमआयडीसीत सकाळी साडेआठच्या सुमाराला फाटकांवरच्या पाट्या वाचत चाललं, की कामगारांची भरती कशी होते ते बरंचसं कळतं. छापील फ्लेक्स थोडेच. बाकी पुठ्ठ्यावर, पत्र्याच्या तुकड्यावर, नाहीतर थेट भिंतीवर खडूनं लिहिलेलं: ‘पाहिजेत. सीओटू वेल्डर, आर्गन वेल्डर, फिटर, हेल्पर. अनुभव असणाऱ्यानेच यावे.’ खाली मोबाइल नंबर. तो कंपनीचा असेल असं वाटतं. लावला की ठेकेदाराचा सुपरवायझर उचलतो आणि पहिला प्रश्न विचारतो, ‘काय येतं?’ शिक्षण किती, गाव कोणतं, हे सगळं नंतर.

या अंकासाठी संपादकांनी ‘हाताला काम’ हा विषय दिला तेव्हा माझ्या डोक्यात आधी शेतमजूर आले, मग डिलिव्हरीवाली मुलं. वेल्डिंग सुचलं ते एका लघुउद्योजकाच्या तक्रारीमुळे. ‘पाटी लावून थकलो, वेल्डर मिळत नाही,’ असं ते म्हणत होते. त्याच सुमाराला आमच्या सोसायटीच्या वॉचमननं पुतण्यासाठी कुठे तरी शब्द टाकायला सांगितलं होतं: आयटीआय वेल्डर, वर्ष झालं, काम नाही. दोघंही खरंच बोलत होते. मधे काय अडकलंय ते पाहावं म्हणून मी फिरले.

एका फाटकाशी औसा तालुक्यातून आलेला मुलगा उभा होता. प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, फाइलीत प्रमाणपत्र, आधार, पासपोर्ट साइजचे फोटो. ‘सर, मी आयटीआय केलोय वेल्डरचं,’ तो सुपरवायझरला म्हणाला. सुपरवायझरनं फाइलीकडे पाहिलंही नाही. ‘थ्री जी मारशील?’ मुलगा गप्प. ‘आधी प्लेट दाखव, मग कागद बघू.’ आत नेऊन त्याच्या हातात होल्डर दिला. थोड्याच वेळात तो बाहेर आला. वेल्डर म्हणून घेतलं नव्हतं. उद्यापासून हेल्पर म्हणून ये, असं सांगितलं होतं. त्यानं होकार दिला. खोलीचं भाडं तिघांत होतं आणि त्याचा वाटा थकला होता.

दहावी नापास चालेल

वेल्डर हा आयटीआयमधला एक वर्षाचा ट्रेड. महाराष्ट्रात जे मोजके ट्रेड दहावी नापास मुलांनाही खुले आहेत, त्यांतला हा एक. त्यामुळे त्याच्याकडे बघण्याची नजरही ठरून गेली आहे. इलेक्ट्रिशियन, फिटर, मशिनिस्ट यांच्या याद्या लागतात, ज्यांना तिथे जागा मिळत नाही ते वेल्डरकडे वळतात. ‘आईवडील म्हणतात, काहीच नाही मिळालं तर वेल्डर घे. मुलगा पहिल्या दिवशी त्याच तोंडानं वर्गात येतो,’ एका सरकारी आयटीआयमधले शिल्प निदेशक सांगत होते. ‘दोन महिन्यांत ज्याचा चेहरा बदलतो, तो वेल्डर होतो.’

त्यांच्या कार्यशाळेत भिंतीला लागून बूथ होते, जाड पडदे लावलेले. आत मुलं वाकून बसलेली. सुरुवात आर्कनं होते: रॉड होल्डरमध्ये पकडायचा, प्लेटला घासून ठिणगी पाडायची आणि रॉडच्या जाडीएवढंच अंतर राखत सरळ रेघ ओढायची. लांबून सोपं दिसतं. रॉड जळत आखूड होत जातो, म्हणजे हात सारखा खाली यायला हवा. त्याच वेळी तो पुढेही सरकायला हवा, आणि रॉडचा कोन बदलता कामा नये. नवशिक्याचा रॉड प्लेटला चिकटतो, नाहीतर अंतर वाढून थेंब उडतात. बरोबर जमलं की आवाजावरून कळतं. कढईत पापड सोडल्यावर येते तशी एकसारखी चुरचुर ऐकू आली, की निदेशक मान वर न करताच ‘असंच ठेव’ म्हणतात.

खरी अडचण त्यांनी मला कपाट उघडून दाखवली. रॉडचे पुडे मोजून आलेले. प्लेटा मोजून आलेल्या. एका प्लेटवर एका बाजूनं रेघा ओढून झाल्या की ती उलटायची, मग कापायची, मग तुकडे पुन्हा जोडायचे. आर्गन सिलिंडर संपला की पुढच्या खरेदीची वाट बघायची. ‘अभ्यासक्रमात टिग आहे, मिग आहे, पाइप आहे. सगळं शिकवतो. पण शिकवणं वेगळं आणि हात बसणं वेगळं. हात बसायला खोक्यांनी रॉड जाळावे लागतात. माझ्याकडे ते नाहीत.’ हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. हिशेब सांगावा तसं सांगितलं.

त्या तुकडीत मुलीही होत्या, थोड्या. आयटीआयमध्ये मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात. वेल्डरमध्ये त्या भरतातच असं नाही. केस टोपीखाली खोचून टिगचा सराव करणाऱ्या एका मुलीला मी विचारलं, काम मिळेल असं वाटतं का? ‘काम मिळेल, मॅडम. पण रात्रपाळीला गाडी देणारी कंपनी पाहिजे, असं पप्पा म्हणतात. ती कुठं शोधायची ते माहीत नाही.’ तिच्या निदेशकांनाही ते माहीत नव्हतं. ज्या कंपन्या मुलींसाठी गाडी ठेवतात त्यांच्याकडे दोन-चार जागा असतात, आणि त्यांची खबर त्या भागातल्या आयटीआयपुरतीच राहते.

उभी, आडवी, डोक्यावरची

या धंद्यात ‘काय येतं’ या प्रश्नाचं उत्तर दोन भागांत द्यायचं असतं. पहिला भाग प्रक्रियेचा. आर्क म्हणजे साधा रॉड. सीओटू म्हणजे गनमधून सरकत येणारी तार आणि वरून वायूचं आवरण. वाहनउद्योगाच्या पुरवठादारांकडे, म्हणजे चाकण-भोसरीत, हेच मुख्य. आर्गन म्हणजे टिग: एका हातात टॉर्च, दुसऱ्यात फिलरची तार, स्टेनलेस स्टील, पातळ पाइप, औषध आणि दुग्ध कारखान्यांची जोडणी यावर चालते.

दुसरा भाग पोझिशनचा. प्लेट टेबलावर आडवी ठेवून मारली तर वन जी. ती उभी केली आणि रेघ आडवी गेली की टू जी. रेघच खालून वर चढवायची तर थ्री जी. वितळलेलं लोखंड खाली ओघळायला बघतं आणि वेल्डरनं ते हाताच्या तालावर धरून ठेवायचं. फोर जी डोक्यावर. मग पाइप: फाइव्ह जीमध्ये पाइप आडवा बांधलेला, फिरवायचा नाही, वेल्डरनंच त्याभोवती फिरायचं. आणि सिक्स जीमध्ये तो पंचेचाळीस अंशांत तिरका बांधलेला. त्यात सगळ्या पोझिशन एका फेरीत येतात, म्हणून सिक्स जी पास झालेला माणूस कुठल्याही पोझिशनला चालतो असं धरलं जातं. रिफायनरी, खत कारखाना, वीजकेंद्र यांच्या पाइपलाइनवर जायचं तर हाच परवाना.

एका फॅब्रिकेशन कंपनीच्या आवारात मी ही परीक्षा पाहिली. पाइपचे दोन तुकडे, कडा तासलेल्या, मधे ठरावीक फट. आधी टॅक मारून जुळवणी. मग आर्गननं रूट, म्हणजे सर्वांत आतला थर. तो पाइपच्या आतल्या बाजूला किंचित उमटला पाहिजे. कमी पडला तर आत खाच राहते, जास्त झाला तर वाट अडते. त्यावर आर्कचे थर, शेवटी कॅपिंग. प्रत्येक थरानंतर स्लॅग, म्हणजे वर जमलेली कीट, काढायचा, ग्राइंडर मारायचा. वापरायचे रॉडही ओलसर चालत नाहीत: कमी हायड्रोजनचे सत्तर-अठरा रॉड आधी मोठ्या भट्टीत, मदर ओव्हनमध्ये, भाजतात आणि मग प्रत्येक वेल्डर आपल्या छोट्या ओव्हनमधून एकेक काढतो. रॉडवरच्या लेपात ओल राहिली तर जोडात हायड्रोजन शिरतो आणि थंड झाल्यावर तडा जाऊ शकतो.

बाहेरून तो जोड मला देखणा दिसला. तपासनीसानं हातात घेऊन आत बॅटरी मारली आणि बाजूला ठेवला. रूट एका जागी बसला नव्हता. एक्सरेपर्यंत तो गेलाच नाही. परीक्षा देणारा माणूस चाळिशीचा, पंधरा-सोळा वर्षं हेच काम करणारा. ‘चष्मा लागलाय, तो करून घ्यायचा राहिला,’ एवढंच म्हणाला आणि पुढची तारीख मागून घेतली.

इथे बाहेरच्याला न कळणारी एक गोष्ट आहे. हा परवाना वाहनचालकाच्या लायसन्ससारखा माणसाबरोबर फिरत नाही. अमेरिकी अभियंत्यांच्या संहितेनुसार, म्हणजे आस्मेच्या नवव्या भागानुसार, वेल्डरची पात्रता तपासणं ही त्याच्याकडून काम करून घेणाऱ्या कंपनीची जबाबदारी असते. कंपनी बदलली की परीक्षा पुन्हा. शिवाय एखाद्या प्रक्रियेनं सहा महिने कामच केलं नाही तर ती पात्रता संपते. बॉयलरच्या कामाला आणखी वेगळं प्रमाणपत्र, बाष्पके संचालनालयाकडचं. त्यामुळे वीस वर्षं अनुभव असलेला माणूसही नव्या फाटकाशी गेला की प्लेटच मारून दाखवतो. जुनं प्रमाणपत्र उपयोगी पडतं ते परीक्षेला बसू देण्यापुरतं. मला हे आधी जाचक वाटलं. पण ज्या पाइपातून पेट्रोल किंवा दाबाखालची वाफ जाणार, त्याच्या बाबतीत दुसरी कुठली पद्धत असावी हे मला कुणी सांगू शकलं नाही.

हजेरी

आता पैशाची बाजू. बहुसंख्य वेल्डर कंपनीच्या पटावर नसतात, ठेकेदाराच्या असतात. पगाराला इथे हजेरी म्हणतात: आठ तासांची एक हजेरी, वर काम झालं तर ओटी. हेल्परच्या हजेरीपेक्षा स्ट्रक्चरल वेल्डरची बरीच वर, सीओटूवाल्याची साधारण तेवढीच, आर्गन आणि पाइपवाल्याची त्याच्याही वर. दर ठरतो तो फोनवर. ‘तिकडं काय देतायत?’ हा या धंद्यातला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न असावा.

नोकरीची खबर जाते ती माणसांतून. फोरमननं कंपनी बदलली की त्याच्यामागे त्याचे चार वेल्डर जातात. एका साइटवर ओळख झालेले लोक व्हॉट्सअ‍ॅप गट करतात. ‘तळोजा, सिक्स जी, आर्गन रूट, दोन महिने, खोली फ्री’ असा निरोप पडतो आणि तासाभरात जागा भरते. सरकारच्या महास्वयम पोर्टलवर नाव नोंदवलेली मुलं मला भेटली, रोजगार मेळाव्याला जाऊन आलेलीही भेटली. तिथून काहींना काम लागलंही, बहुतेक मोठ्या कंपनीत शिकाऊ म्हणून. पण कसलेला वेल्डर मेळाव्याला जात नाही. त्याला फोन येतो.

ज्याला फोन येत नाही त्यानं काय करायचं? एका अनुभवी ठेकेदारानं, जे स्वतः हेल्पर म्हणून लातूर जिल्ह्यातून आले आणि आता पन्नासेक माणसं चालवतात, सरळ सांगितलं: ‘पोरगं हेल्पर म्हणून आलं तरी हरकत नाही. पण कुठल्या वेल्डरच्या हाताखाली लागतंय ते बघावं. जेवणाच्या सुट्टीत स्क्रॅपवर रेघ ओढू देणारा उस्ताद मिळाला तर वर्षात तयार होतं. न मिळाला तर पाच वर्षं ग्राइंडरच मारतं.’ त्यांच्याकडे उरलेल्या रॉडचे तुकडे एका डब्यात ठेवलेले असतात, मुलांसाठी. असे ठेकेदार किती, असं विचारलं तर ते हसले.

कागदाची बाजू मात्र नवशिके कोणीच बघत नाहीत. काम वेल्डरचं आणि नोंद हेल्परची, हे सर्रास चालतं. त्यातून पीएफ कमी भरला जातो आणि पुढच्या ठिकाणी अनुभव सिद्ध करता येत नाही. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक घेऊन त्याचं पासबुक मोबाइलवर बघता येतं, हे मला भेटलेल्या निम्म्या मुलांना ठाऊक नव्हतं. एकवीस हजारांपर्यंत मासिक वेतन असणाऱ्याला कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो, म्हणजे डोळ्याला इजा झाली तर उपचार आणि रजेचे पैसे. कार्ड मागितलं तर ‘बनतंय’ असं उत्तर येतं. दोन महिने ‘बनतंय’ असेल तर ते बनत नाहीये, असं समजायला हरकत नाही.

मिलवर

पश्चिम महाराष्ट्रातल्या मुलाला वेल्डिंग पहिल्यांदा दिसतं ते बहुधा गावातल्या ग्रिलच्या दुकानात किंवा ट्रॉली बांधणाऱ्याकडे. दुसऱ्यांदा साखर कारखान्यात. ऊस गाळायच्या मिलचे रोलर दातेरी असतात. ऊस त्यांत ओढला जावा म्हणून दात खरखरीत असावे लागतात, आणि सतत घासून ते गुळगुळीत होतात. म्हणून चालू हंगामात, मिल फिरत असतानाच, कामगार रॉडनं दातांवर बारीक बारीक थेंब पाडत जातो. याला आर्किंग म्हणतात. रोलर संथ फिरतोय, रस आणि गरम पाणी वाहतंय, वाफ उठतेय, आणि हा माणूस वाकून दातावर दात भरतोय. सुबक जोडाचं कौतुक इथे नाही. खरखरीतपणाच हवा असतो. पण ओल्या जागी विजेचं काम करायचं धाडस आणि न थांबता चालणारा हात लागतो.

दिवाळीच्या आसपास सुरू झालेला हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो, आणि मग खरं वेल्डरचं काम निघतं: बॉयलरच्या नळ्या, रस तापवायची भांडी, वाहक पट्टे, सगळी उकलून दुरुस्ती. कायम कामगार थोडे. हंगामी कामगारांना बंद काळात ठरलेला रिटेन्शन अलाउन्स मिळतो. मोठी दुरुस्ती ठेक्यानं जाते. सांगली-कोल्हापूरकडचे बरेच वेल्डर वर्षाचे असे भाग पाडतात: मे ते सप्टेंबर कारखान्यांची ओव्हरहॉलिंग, पुढे पुणे किंवा कोकणातल्या रासायनिक वसाहती. शेती असतेच थोडी.

ओव्हरहॉलिंगचा मोठा भाऊ म्हणजे शटडाऊन. रिफायनरी, खत कारखाना, औष्णिक वीजकेंद्र ठरावीक काळानं बंद करून तपासतात. बंद असलेला प्रत्येक दिवस कंपनीला महाग पडतो, म्हणून थोड्या दिवसांसाठी खूप माणसं लागतात, दिवसरात्र पाळ्या चालतात आणि हजेरी चढी असते. जामनगर, चेंबूरचं माहुल, चंद्रपूर, कोराडी. या कामावर फिरणारे वेल्डर नकाशा शटडाऊनच्या नावांनी ओळखतात. काम संपलं की गेटपास परत. पुढचा कुठे लागतो याचा फोन येईपर्यंत घरी. एका वेल्डरच्या बायकोनं सांगितलं, ‘पैसा एकदम येतो आणि मग तीन महिने येत नाही. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो.’

मुंबईतली टेस्ट, आखातातलं काम

आखाताच्या जाहिरातींचं वेगळंच जग आहे. मुंबईतून निघणाऱ्या ‘असाइनमेंट अब्रॉड टाइम्स’सारख्या पत्रात पानंच्या पानं भरलेली: सिक्स जी वेल्डर, पाइप फॅब्रिकेटर, रिगर, जेवण-राहणं फुकट, इतके दिरहॅम, क्लायंट मुलाखत अमुक तारखेला. मुंबई-नवी मुंबईतल्या ट्रेड टेस्ट सेंटरांत परदेशी कंपनीचा माणूस समोर बसतो आणि उमेदवार पाइप मारतात. सेंटरबाहेर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, तेलंगणातले लोक अधिक दिसले. मराठी बोलणं कमी ऐकू आलं. ‘आपली पोरं घर सोडायला तयार नसतात,’ असं तिथल्या एकानं सांगितलं. मला ते पूर्ण पटलं नाही. लातूरहून भोसरीला येणंही घर सोडणंच आहे. सिक्स जीपर्यंत हात पोचलेली मुलंच आपल्याकडे थोडी, हे कारण मला जास्त खरं वाटतं.

दहावी नापास असण्याचा धागा इथे पुन्हा हाती लागतो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर एमिग्रेशन तपासणीची अट असते, म्हणजे तो ईसीआर. सौदी, अमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया धरून अठरा देशांत नोकरीला जाताना अशा माणसाला सरकारची मंजुरी घ्यावी लागते. १९८३चा एमिग्रेशन कायदा त्याच्यासाठीच आहे. एजंट नोंदणीकृत असला पाहिजे, त्याचा परवाना क्रमांक जाहिरातीत असला पाहिजे, आणि तो खरा आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही तपासता येतं. एजंटनं उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच घ्यायचं आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपयांच्या हप्त्यात दहा लाखांचं अपघात संरक्षण देणारी प्रवासी भारतीय बीमा योजना या लोकांना सक्तीची आहे.

प्रत्यक्षात मी ऐकलेले आकडे तीस हजारांच्या कितीतरी पुढचे होते, आणि पावती कुणाकडे नव्हती. गावातला ओळखीचा माणूस, त्याच्यावर मुंबईचा उपएजंट, त्याच्यावर परवानाधारक. प्रत्येक पायरीवर पैसे. सर्वांत धोक्याचा शब्द म्हणजे ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून देतो.’ असं गेलेल्याची मंजुरी नाही, विमा नाही, आणि करारपत्र दाखवायचं कुणाला हा प्रश्न. आखातातून परतलेल्या रत्नागिरीकडच्या एका वेल्डरनं मला त्याचं करारपत्र दाखवलं. घडी पडून पडून फाटलेलं, लॅमिनेट केलेलं. कंपनीनं ओटीचे पैसे अडवले तेव्हा हाच कागद घेऊन तो दूतावासात गेला होता. पैसे मिळाले, सगळे नाही. परत जाणार का, असं विचारल्यावर म्हणाला, ‘जाणार. इथं कोण देतंय तेवढे?’

सरकारी फाटकं

नोकरी म्हटलं की घरच्यांच्या मनात सरकारी. वेल्डरसाठी ती दारं बंद नाहीत, अरुंद आहेत. माझगाव डॉक, जिथे नौदलाच्या विनाशिका आणि पाणबुड्या बांधल्या जातात, दरवर्षी शिकाऊ उमेदवार घेतं. तिथे एक गट चक्क आठवी उत्तीर्ण मुलांचा असतो, रिगर आणि वेल्डरचा. याची जाहिरात गावोगावच्या शाळांच्या फळ्यावर लागायला हवी. मी विचारलेल्या एकाही मुख्याध्यापकांना ती माहीत नव्हती. मध्य रेल्वे परळ, माटुंगा, कुर्डुवाडी अशा कार्यशाळांसाठी शिकाऊ वेल्डर घेते. परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. म्हणजे दहावी नापास मुलाला आयटीआयत शिरता आलं तरी इथे नाही. रेल्वेत शिकाऊ राहिल्यानं नोकरी पक्की होत नाही, पण पहिल्या स्तराच्या भरतीत अशा उमेदवारांसाठी वीस टक्के जागा असतात.

१९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याचा आवाका मात्र सरकारी कंपन्यांच्या फार पलीकडे जातो. तीस किंवा अधिक माणसं कामावर असलेल्या, ठेक्याची माणसं धरून, प्रत्येक आस्थापनेनं अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यायचे आहेत. २०१९च्या नियमांत आयटीआय झालेल्यासाठी किमान विद्यावेतन सात हजार ठरलं आणि त्याचा चौथा हिस्सा, दीड हजारापर्यंत, सरकार उचलतं. तक्रार करणाऱ्या त्या लघुउद्योजकांना मी विचारलं, तुमच्याकडे किती शिकाऊ आहेत? ‘आहेत ना दोन,’ ते म्हणाले. दोघंही स्टोअरमध्ये माल मोजत होते.

डोळे आणि छाती

रात्री दोनला डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होऊन जाग येते, उघडता येत नाहीत. आर्क लागली, असं म्हणतात. झळाळीतल्या अतिनील किरणांनी डोळ्याचं पारपटल, म्हणजे कॉर्निया, भाजलेलं असतं. हेल्परला हे वेल्डरपेक्षा जास्त होतं, कारण हेल्मेट वेल्डरच्या तोंडावर असतं आणि प्लेट धरणारा उघड्या डोळ्यांनी शेजारी असतो. बटाट्याच्या चकत्या ठेवतात, गुलाबपाणी घालतात. दोन दिवसांत उतरतं म्हणून डॉक्टरकडे कुणी जात नाही. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपावर काम केलं की संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो. त्यावर दूध आणि गूळ. या दोन्हींचा कितपत उपयोग होतो कुणास ठाऊक, पण धूर छातीत जायचा तो जातोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१७मध्ये वेल्डिंगचा धूर माणसाला निश्चित कर्करोगकारक ठरवला आहे. मी पाहिलेल्या लहान शेडपैकी धूर ओढून घेणारा पंखा एखाददुसरीतच चालू होता. काम निवडताना हजेरीबरोबर हेही बघावं, असं मी एका मुलाला म्हटलं. तो म्हणाला, ‘ताई, निवडताना?’ मला पुढे बोलता आलं नाही.

चाकणचे यंत्रमानव

यंत्रमानव आल्यावर हे सगळं संपेल का, असं हल्ली प्रत्येक जण विचारतो. चाकणच्या मोटार कारखान्यांत गाडीच्या सांगाड्याचं स्पॉट वेल्डिंग यंत्रमानवच करतात, तिथे माणूस शिरायचा प्रश्नच नाही. पण त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कंपन्यांत, दुरुस्तीत, पाइपलाइनवर, जहाजात, साखर कारखान्यात माणूसच आहे, कारण तिथला कुठलाही जोड मागच्यासारखा नसतो. आणि यंत्रमानवाला रेघ शिकवायला, म्हणजे टीचिंगला, जोड कसा बसतो हे ज्याच्या हाताला ठाऊक आहे त्यालाच बसवतात. औंध-भोसरीकडच्या दोन तरुणांनी मला हे बढती म्हणून सांगितलं. दोघंही आधी सीओटू वेल्डर होते.

तेव्हा अडचण काम नसण्याची फारशी नाही. आयटीआय संपल्यापासून पहिली प्लेट पास होईपर्यंतचं एखादं वर्ष कुणाच्याच हिशेबात धरलेलं नाही, आणि तिथे मुलं गळतात. आयटीआय म्हणते आमच्याकडे रॉड नाहीत. कंपनी म्हणते आम्हाला तयार माणूस हवा. ठेकेदार म्हणतो शिकवलेला मुलगा दुसरा पळवतो. तिघांचंही बरोबर आहे, आणि खर्च मुलानं हेल्परच्या हजेरीतून करायचा आहे. ज्यांच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांनी चिठ्ठी-चपाटी करण्याआधी एवढंच विचारावं: तिथे सरावाला रॉड मिळेल का, कोणाच्या हाताखाली, आणि नोंद वेल्डर शिकाऊ म्हणून होईल का. पगार पहिल्या वर्षी थोडा कमी चालेल.

आणि ज्या कारखानदारांच्या फाटकावर ‘अनुभव असणाऱ्यानेच यावे’ अशी पाटी आहे, त्यांना माझी विनंती आहे. शिकाऊ म्हणून घेतलेल्या मुलाला स्टोअरमधून काढा. शेडच्या कोपऱ्यात एक बूथ बांधा आणि रोज तासभर त्याच्या नावावर लिहा. लागतं ते एवढंच: एक जुना ट्रान्सफॉर्मर, बरं हेल्मेट, रॉडचा एक पुडा आणि तुमच्याच आवारात पडलेल्या भंगाराच्या प्लेटा.